दहाचा पाना, पंधरा मिनिटं आणि गेलेलं इंजिन

हा मेसेज आमच्या गोतावळ्याच्या ग्रुपवर पहिल्यांदा टाकला तो जवाईबुवांनी, म्हणून मी गप्प बसलो. जवायाच्या मेसेजखाली सासऱ्यानं 'हे खोटं आहे' लिहायचं म्हणजे येत्या धोंड्याच्या महिन्यापर्यंत घरात ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. चुकलंच माझं. पुढच्या पंधरा दिवसांत भाच्याची गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधून माझ्या गॅरेजात आली. तिचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, खोलून आत जे पाहिलं, त्यानंतर मानपान गेला खड्ड्यात असं ठरवून हे लिहायला बसलो.

मेसेज तुमच्याकडेही फिरून गेला असेल. थोडक्यात असा:

'मीटरवर लाईट लागला की मेकॅनिककडे पळू नका! गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कचरा साठतो म्हणून लाईट लागतो. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीच्या वायरी काढा, दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा, पंधरा मिनिटं थांबा, परत लावा. लाल असो की पिवळा, कोणताही लाईट जातो. महिन्यातून एकदा केल्यास ॲव्हरेज तीन-चार किलोमीटर वाढतं. पीयूसीच्या आधी केल्यास गाडी हमखास पास. नव्या डिझेल गाड्यांचा फिल्टरचा लाईटही जातो. कंपन्या मुद्दाम लाईट लावून लोकांना लुटतात. दुबईत वीस वर्षं काम केलेल्या इंजिनिअरचा सल्ला. गरिबाचे पैसे वाचवा, पुढे पाठवा.'

दुबईच्या इंजिनिअरबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुतखड्यापासून बोंडअळीपर्यंत प्रत्येक मेसेजमागं कोणी ना कोणी दुबईचा, नाही तर नासाचा असतोच. मी दारव्हा रस्त्यावरचा. आयटीआय करून कार्बोरेटरच्या काळात हात काळे करायला लागलो आणि आता गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर गळ्यात अडकवून फिरतो, एवढीच माझी ओळख.

सगळे मुद्दे सारख्या लायकीचे नाहीत. काही नुसते फालतू आहेत, एकदोन अर्धे खरे आहेत, आणि एक असा आहे की तो लिहिणाऱ्याला माझ्या भाच्याचं बिल पाठवावं वाटतं. त्याच्यापासूनच सुरू करतो.

'लाल असो की पिवळा, कोणताही लाईट जातो.'

भाचा दिग्रसकडचा. डिझेल गाडी, जुनी पण ठणठणीत. पावसाळ्यात पांदणीनं शेतातून निघाला, चाकोरीच्या मधल्या उंचवट्यात दगड होता, तो खालून चेंबरला लागला. 'ठाण्' आवाज आला म्हणे, पण गाडी चालत होती म्हणून हा निघाला. डांबरीवर लागून सातआठ किलोमीटर गेल्यावर मीटरवर लाल लाईट, तेलाच्या झारीसारखं चित्र, टोकाशी एक थेंब. गडी थांबला, मोबाईल काढला, ग्रुपवरचा मेसेज शोधला आणि डिकीतून दहाचा पाना आणला.

गॅरेजात आमचं बोलणं झालं ते असं:

"मामा, लाईट तं गेलता ना! मेसेजमंधी सांगतलं तसंच केलं. पंधरा मिन्टं वायरी काढून ठेवल्या, चाबी फिरवली, गाडी चालू, लाईट बंद."

"मंग?"

"मंग पाचेक किलोमीटर गेलो तं पुन्हा लागला. म्या म्हणलं, रायला असन थोडासा कचरा. पुन्हा काढली बॅटरी."

"अशा किती खेपा केल्या?"

"तीन."

"आन् तिसऱ्या खेपेले?"

"तिसऱ्या खेपेले लाईट नाही पाह्यला. आवाजच आला."

ह्या बोलण्यात पोरगं एक अक्षर खोटं बोललं नाही. लाईट खरंच गेला होता. एकदा नाही, दोनदा. म्हणूनच हा मेसेज एवढा चालतो: करून पाहणाऱ्याला गुण दिसतो. फक्त गुण कशाचा, तिथं सगळी गल्लत आहे.

चेंबरला नखाएवढी चीर होती. चार-साडेचार लिटर तेलापैकी बरंचसं पांदणीपासून डांबरीपर्यंत सांडत आलं होतं. इंजिन चालू असताना राहिलेलं तेल वर हेडमध्ये, कॅमवर, नळ्यांमध्ये फिरत असतं, चेंबरात साठा कमी उरतो आणि पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. दाब पडतो, लाईट लागतो. आता इंजिन पंधरा मिनिटं बंद ठेवा. वरचं सगळं तेल निथळून खाली येतं, थोडं थंड होऊन घट्ट होतं. सेल मारला की पंपाला पुन्हा तेल मिळतं, दाब बनतो, लाईट विझतो. पाच किलोमीटरनं तेल पुन्हा वर चढतं, पातळ होतं आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काम केलं ते पंधरा मिनिटांच्या विसाव्यानं. बॅटरीची वायर काढली नसती आणि पोरगं निंबाखाली नुसतं बसून राहिलं असतं, तरी लाईट तसाच गेला असता.

आणि हा लाईट कॉम्प्युटरच्या आठवणीतला नाहीच मुळी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो इंजिनला बसवलेल्या एका साध्या स्विचवर चालतो. दाब आहे तर बंद, दाब नाही तर चालू. त्याला कालचं आठवत नाही, त्यामुळे पुसायलाही काही नसतं. तो आत्ता, ह्या घडीला काय चाललंय ते सांगतो. त्याला 'रिसेट' करणं म्हणजे विहिरीचं पाणी आटलं म्हणून रहाटाचा दोर सोडून पुन्हा बांधणं.

चेंबर उतरवला तेव्हा आत लिटरभर काळं पाणी. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर चमचम, जरीच्या साडीची चमकी हाताला लागावी तशी. ती चमकी म्हणजे बेरिंगांचा मुलामा. बेरिंगांचे शेल काढले तर दोन तांबूस पडलेले, एक आपल्या जागेवरून फिरलेला, आणि क्रँकवर नखाला अडकतील अशा चरा. बहिणीला आकडा सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोळ्याच्या बजारात एवढ्यात बैलजोडी आली असती रे." आणि चेंबरचं मूळ काम काय होतं? तो उतरवून वेल्डिंग नाही तर दुसरा चेंबर, नवीन तेल, एक दिवस. पोरगं पंधरा मिनिटं थांबलंच होतं तीनदा. त्यातल्या एकदा बोनेट उघडलेलंच असताना ऑइलची पट्टी ओढून पाहिली असती तर पट्टीला तेल लागलं नाही हे त्यालाही कळलं असतं.

म्हणून रंग. मीटरवरची ही चित्रं प्रत्येक कंपनी मनानं काढत नाही, त्यांना आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५७५. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखव, हिरवा-निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे. एवढं जरी मेसेजवाल्यानं लिहिलं असतं तरी कोणाचं तरी भलं झालं असतं.

तेलासारखीच गत तापमानाच्या लाल लाईटची. मे महिन्यात इकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, रेडिएटरचा पंखा बंद पडला किंवा नळी फुटली की काटा चढतो. पंधरा मिनिटं बोनेट उघडून बसलात तर इंजिन थोडं निवतं, लाईट जातो आणि श्रेय बॅटरीच्या वायरीला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हेड वाकतं, गॅस्केट जातं. लाल गोलातलं उद्गारचिन्ह हॅन्डब्रेक ओढलेला राहिल्यानं लागतं, नाही तर ब्रेक ऑइल कमी झाल्यानं. हॅन्डब्रेक सोडूनही ते जात नसेल तर बॅटरीकडे कशाला पाहता, डबीतलं तेल पाहा. आणि एअरबॅगचा लाईट तर बॅटरी काढून बहुतेक गाड्यांत जातच नाही, त्याचा बिघाड वीज गेल्यावरही टिकणाऱ्या जागी लिहिलेला असतो.

आता पिवळ्याकडे, म्हणजे ज्याला आपण चेक लाईट म्हणतो त्या इंजिनच्या चित्राकडे.

'कॉम्प्युटरमध्ये कचरा साठतो.' नाही साठत. तो काय मोबाईल आहे, गुड मॉर्निंगचे फोटो भरायला? इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला आम्ही ईसीएम म्हणतो, तो सेन्सरांकडून येणारे आकडे सतत तपासत असतो. आकडा हद्दीबाहेर गेला की नंबर टाकून नोंद करतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर मिसिंग मारतोय, त्यात इंधन नीट पेटत नाही, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय, असे ठरलेले नंबर, आमच्या भाषेत कोड. त्या नोंदीला कचरा म्हणणारा उद्या तलाठ्याच्या दप्तरालाही रद्दी म्हणेल.

पण लाईट आपोआप जातो हे अनेकांनी पाहिलेलं असतं, आणि इथंच ह्या मेसेजला बळ मिळतं. त्याचं उत्तर मला एका जागी सापडलं आणि त्या एका कागदावर मी पुढचं बरंच काही टेकवणार आहे. गाडीनं स्वतःची तपासणी स्वतः करावी, ह्या ओबीडीच्या कायद्यात जगात पुढं होतं कॅलिफोर्निया. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून कारला ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांच्या काळात, २०१३ च्या एप्रिलपासून. कॅलिफोर्नियाच्या नियमपुस्तकाच्या तेराव्या भागात कलम १९६८.२ आहे. त्यात लिहिलंय की बहुतेक बिघाडांसाठी लाईट लागतो तो लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी चालू केली, चालवली, बंद केली की एक फेरी) बिघाड दिसला तर, आणि त्यानंतर लागोपाठ तीन फेऱ्यांत दिसला नाही तर लाईट आपोआप विझतो. नोंद मात्र राहते. इंजिन चाळीस वेळा गरम होऊन निवेपर्यंत बिघाड दिसला नाही तर ती पुसली जाते. आपले नियम ज्या युरोपच्या वळणानं जातात, तिथंही हेच तीन आणि चाळीस.

म्हणजे काय? पावसात प्लगच्या वायरीला ओल आली, गाडी मिसिंग मारली, लाईट लागला. ऊन पडलं, ओल सुकली, तीन खेपांत लाईट जाणारच होता. मधेच तुम्ही बॅटरी काढलीत आणि म्हणालात, पाहा गेला! कोंबडा आरवला म्हणून उजाडलं.

ह्याच कलमात आणखी एक गंमत आहे. 'पर्मनंट' कोड नावाचा प्रकार त्यांनी २०१० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्यानं आणला. हा कोड स्कॅनरनंही पुसता येत नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. बिघाड खरंच गेलाय हे कॉम्प्युटरनं स्वतः पुन्हा तपासून पाहिलं तरच तो जातो. असा नियम कोणाला का सुचला असेल? कारण तिथले लोक प्रदूषण तपासणीच्या आधी बॅटरीची वायर काढून, लाईट घालवून यायचे. १ जुलै २०१९ पासून तिथल्या तपासणीत हा पर्मनंट कोडही बघू लागले. दुबईच्या इंजिनिअरचा हा जो गुप्त उपाय आहे, तो कॅलिफोर्नियातल्या चुकार लोकांनी केव्हाच वापरून घासून टाकला आणि सरकारनं त्यावर कायदाही करून ठेवला.

आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरी काढल्यानं नेमकं काय पुसलं जातं ते गाडीगणिक वेगळं. बऱ्याच नव्या गाड्यांत कोड जातच नाहीत. जातात त्या भलत्याच गोष्टी: रेडिओची स्टेशनं, काचेचं एका दाबात वर जाणं, आणि घड्याळ. ते बाराला जाऊन बसतं.

जिथं कोड जातो तिथं नुकसान जास्त. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाचा पंचनामाही लिहून ठेवतो: बिघाड झाला तेव्हा स्पीड किती, इंजिन किती गरम, आरपीएम किती, लोड किती. आम्ही त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतो. गाडी गॅरेजात आली की नेमकी शहाण्यासारखी वागते, हे प्रत्येक मालकाला माहीत आहे. अशा वेळी हा पंचनामाच आमचे डोळे असतो. मागच्या हिवाळ्यात एक गाडी आली, फक्त सकाळी गार असताना मिसिंग मारायची. फ्रीझ फ्रेममध्ये दिसलं की इंजिन थंड, गाडी जागेवर उभी. शोधत गेलो तर वायरिंगचा एक तोडा उंदरानं सोललेला. मालकानं रात्री गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी लावलेली, उंदरांना पंगत. दवानं त्या सोललेल्या जागी ओल धरायची, इंजिनच्या उबेनं सुकायची. बॅटरी काढून ती नोंद पुसून आणली असती तर मी आठ दिवस प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलत बसलो असतो, त्याच्याच पैशानं.

आणि चेक लाईट नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर पुढं रेटू नका. लुकलुकणं म्हणजे मिसिंग एवढी आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तिथं जळतंय. त्या चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. ती जाळी वितळली की बदलायचा खर्च विचारू नका. हे तर गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात पडलेल्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक आपल्याकडे फक्त गाडी विकताना बाहेर निघतं.

'दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा.' ह्या वाक्यावर मला खरोखर राग आहे. दोन्ही वायरी बॅटरीपासून पूर्ण सुटलेल्या असतील तर टेकवल्यानं फारसं बिघडत नाही, आत राहिलेला चिमूटभर करंट निघून जातो. तेवढं तर ब्रेकचं पायडल दाबून धरलं तरी होतं. पण वाचणारा अर्धंच वाचतो. मायनस तशीच ठेवून आधी प्लस काढायला जातो, पाना बॉडीला लागला की झालं. 'बारा व्होल्टनं काय होते?' असं म्हणतात. झटका बसत नाही हे खरं, पण ती बॅटरी एका दमात शेकडो अँपियर सोडते. पाना लाल होतो, चिकटतो. त्यात भरलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, ठिणगी पडली तर झाकणासकट तेजाब तोंडावर. माझ्याकडच्या पोराच्या बोटात तांब्याची अंगठी होती. पाना प्लसवर, अंगठी बॉडीला लागली. क्षणभराचं काम, पण बोटाभोवती गोल डाग अजून आहे. वायर कधी काढायची झालीच तर आधी मायनस, मग प्लस. लावताना उलटं, मायनस शेवटी. अंगठी, कडं उतरवून. मेसेजमध्ये हे एक वाक्य टाकायला काय जात होतं?

ॲव्हरेजचं एवढं मनावर घेण्यासारखं नाही. उलट आहे. कॉम्प्युटर तुमच्या इंजिनची सवय शिकत असतो, सेन्सर पाहून इंधन जरा कमी, जरा जास्त असं जुळवून ठेवतो. ते पुसलं की पुन्हा पहिलीपासून शाळा. तोवर आयडलिंग वरखाली होतं, गाडी उचल खाताना अडखळते. मग लोकांना ॲव्हरेज वाढलेलं दिसतं कुठं? मीटरवर. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत तो आकडाही शून्यावर येतो. त्यानंतर पहिलीच खेप यवतमाळ-नागपूर मोकळ्या रस्त्यानं केली की मीटर खुशाल बावीस दाखवतं. त्याच्या आधीच्या आकड्यात गावातल्या महिनाभराच्या चकरा मिसळलेल्या होत्या. टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून भागा. तीन-चारची वाढ निघाली तर मला दाखवा.

पीयूसी: आपल्याकडे पेट्रोल गाडीच्या धुराड्यातल्या वायूचा कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात. मीटरवरचा लाईट सायलेन्सरमधून बाहेर येत नाही. पुढं.

डिझेलच्या फिल्टरबद्दल मात्र थांबावं लागेल, कारण गावाकडे हा लाईट खरंच छळतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ बसला. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, आत सहाशे अंशांच्या आसपास तापवून. पण त्याला सलग, चांगल्या वेगाची धाव लागते. आपली गाडी घर ते शेत, शेत ते बाजार, चार-पाच किलोमीटर आणि बंद. जाळणं सुरू होतं आणि अर्ध्यात राहतं. मग पिवळा लाईट. ही खरी काजळी आहे, खऱ्या फिल्टरमध्ये. बॅटरी काढल्यानं चुलीतली राख निघते का? अर्ध्यात राहिलेल्या प्रत्येक खेपेला थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, पट्टीवर तेल वाढलेलं दिसतं आणि मालक खूश होतो, तेल कमीच होत नाही म्हणून! उपाय मालकाच्या पुस्तकात आहे: लाईट लागला की मोकळ्या रस्त्यावर साठच्या वर वीसेक मिनिटं सलग चालवा. हायवेला लागून एक चक्कर मारा, बहुतेकदा लाईट तिथंच जातो. नाही गेला तर गॅरेज. एक सांगून ठेवतो, अशा धावेनंतर गाडी लगेच खळ्यात कुटारावर उभी करू नका. खालून सगळं तापलेलं असतं.

राहिलं 'कंपन्या मुद्दाम लाईट लावतात'. इथं मला थोडं झुकावं लागेल, मन नसताना. पान्याचं चित्र किंवा 'सर्व्हिस' अशी अक्षरं येतात तो लाईट खरंच किलोमीटर आणि दिवस मोजून लागतो, बिघाड असो नसो. तेल बदलायची आठवण आहे ती, तेल बदलून झाल्यावर ठरलेल्या पद्धतीनं बंद करतात. पण त्यावरून सगळेच लाईट ठरवून लागतात म्हणणं म्हणजे शाळेची घंटा वाजते म्हणून अग्निशमनची घंटाही सुट्टीचीच.

स्कॅनरच्या पैशाबद्दलही अर्धं खरं आहे. स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, पैसे घ्यायचे आणि 'झालं काम' म्हणायचं, असे गॅरेजवाले आहेत. आमच्याच रांगेत आहेत. असा माणूस आणि हा मेसेज सख्खे भाऊ. तुम्ही पैसे द्या, पण पुसण्याआधी कोडचा नंबर कागदावर लिहून मागा. आणि नंबर म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०४२० आला की 'कॅट गेलं' म्हणून महागडा पार्ट गळ्यात मारतात. कधी कधी सायलेन्सरच्या जोडाला फट असते, नाही तर सेन्सर थकलेला असतो. बॅटरीच मरतुकडी असेल, धक्का मारून गाडी चालू करावी लागत असेल, तर व्होल्टेज पडल्यानं भलतेसलते लाईट लागतात. तिथं चांगली बॅटरी बसवून कोड पुसणं बरोबरच आहे. दुरुस्ती झाल्यावर पुसायचं, दुरुस्तीऐवजी नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक. चाबी फिरवल्यावर, सेल मारायच्या आधी, चेक लाईट आणि तेलाचा लाईट लागलेच पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर गेले पाहिजेत. सुरुवातीलाच लागत नसतील तर कोणीतरी मीटर खोलून त्यांची सोय लावलेली आहे. आणि स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला तर 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडाही बहुतेक ओबीडी-२ गाड्या सांगतात. विकणारा 'दोन वर्षांत हात लावला नाही' म्हणत असेल आणि आकडा अकरा किलोमीटर येत असेल, तर चहा पिऊन घरी यावं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं मागच्या रविवारी. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला. जवाईबुवांकडून काहीच नाही. मंगळवारी दुपारी त्यांचाच फोन आला.

"मामाजी, चेक लाईट लागला गाडीचा. घेऊन येऊ काय?"

"या ना. फक्त बॅटरीले हात नोका लावू."

"नाही नाही, हातच नाही लावला."

पाच वाजता आले. पाणी दिलं, बायको चहा ठेवायला गेली, मी गाडीत बसून चाबी फिरवली. पिवळा लाईट नव्हता. त्यांच्या गावाहून माझ्या गॅरेजला चाळीस मिनिटं लागतात. मीटरमधल्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.